आजोबांची प्रॉक्सी : पांढरे केस, रंगभूषा आणि पुरावा

कॉलेजच्या एकांकिकेत आजोबा कोण हे ओळखायला प्रेक्षकाला तीन सेकंदही लागत नाहीत. केसांवर टाल्कम पावडर, ओठावर चिकटवलेली पांढरी मिशी, हातात काठी आणि पहिल्या वाक्याच्या आधी एक खोकला. झाला वीस वर्षांचा मुलगा सत्तर वर्षांचा! प्रेक्षकही समजून घेतात. मग पुढच्या प्रसंगात नातू धावत येऊन आजोबांना मिठी मारतो आणि स्पॉटच्या उजेडात पावडरचा एक ढग वर उठतो. प्रसंग गंभीर, आणि सगळं सभागृह हसत सुटतं.

इथे आपण एरवी पी-व्हॅल्यू, सॅम्पल साइझ, पेपर कसा वाचायचा असल्या गोष्टींवर बोलतो. आज या पावडरच्या ढगावर बोलू. तुम्ही नेट-सेटच्या तयारीत असाल, पेटच्या मुलाखतीला जाणार असाल किंवा नुकताच गाईड मिळाला असेल, तर रंगभूषेशी आपला काय संबंध असं वाटेल. संबंध आहे. तरुण नटाला म्हातारा दाखवणं म्हणजे जे समोर नाही ते आहे असं प्रेक्षकाला पटवणं, आणि त्यासाठी पुरावा निवडावा लागतो. तो पुरावा कुठला निवडला आणि तो किती टिकला, या निकषावर मी इथे काही कलाकृती तपासणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : पांढरा केस ही वयाची खूण आहे, पुरावा नाही. खुणेलाच पुरावा मानलं की नाटक फसतं, आणि संशोधनही.

पांढरा केस म्हणजे नेमकं काय?

आधी केसाकडेच बघू. केसाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. केसाच्या मुळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या हे रंगद्रव्य बनवून वाढत्या केसात भरतात. या पेशींचा राखीव साठा म्हणजे मेलॅनोसाइट मूलपेशी. तो साठा संपला किंवा कामाचा राहिला नाही, की पुढचा केस रंगाशिवायच बाहेर पडतो. म्हणजे काळा केस एके दिवशी पांढरा ‘होतो’ असं आपण म्हणत असलो, तरी बहुतेक वेळा तो पांढरा ‘उगवतो’.

आणि हा पांढरा रंग तरी कुठून येतो? त्या केसात पांढरं रंगद्रव्य नसतं. खडीसाखरेचा खडा बऱ्यापैकी आरपार दिसतो. तीच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र. साखर तीच, फक्त प्रकाश असंख्य पृष्ठभागांवरून विखुरला जातो. रंगद्रव्य नसलेल्या केसाचंही साधारण तसंच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे करडं डोकं. एखाद्याचे केस करडे दिसतात तेव्हा प्रत्येक केस करडा असतो असं नाही. बरेचसे काळे आणि बरेचसे पांढरे केस शेजारीशेजारी असतात आणि लांबून आपला डोळा त्यांची सरासरी काढतो. शिवाय हे मिश्रण डोकंभर सारखं नसतं. पुरुषांमध्ये साधारणपणे आधी कानशिलं पांढरी होतात, मग वरचा भाग, आणि मानेजवळचे केस सगळ्यांत शेवटी. दाढीत हनुवटी आणि कल्ले आधी पिकतात.

आता पावडर काय करते ते बघा. ती काळ्या-पांढऱ्याचं मिश्रण तयार करत नाही, प्रत्येक केसावर सारखा थर चढवते. म्हणजे वितरण पुसून टाकते आणि नुसती सरासरी रंगवते. खऱ्या पांढऱ्या केसाला चकाकी असते, पावडर ती मारते, म्हणून डोकं वयस्क न दिसता धुळकट दिसतं, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. शिवाय काळ्या केसावरचा पातळ पांढरा थर उजेडात निळसर दिसतो. म्हणून जाणकार रंगभूषाकार शुद्ध पांढरा न वापरता त्यात किंचित पिवळसर छटा मिसळतात. ओला रंग जुन्या टूथब्रशने किंवा मस्काऱ्याच्या ब्रशने निवडक बटांवर ओढतात, कानशिलांपासून सुरुवात करतात आणि भुवया विसरत नाहीत. डोकं पांढरं आणि भुवया कुळकुळीत काळ्या असे आजोबा तुम्हीही पाहिले असतील.

हे सगळं नीट केलं की पावडरचा ढग उठणार नाही. पण आपला प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही. समजा, केस अगदी बेमालूम पांढरे केले. तेवढ्याने नट म्हातारा वाटतो का?

केस वयाबद्दल किती खरं बोलतात?

त्वचारोगतज्ज्ञांमध्ये एक जुना ठोकताळा आहे : पन्नासाव्या वर्षी पन्नास टक्के लोकांचे पन्नास टक्के केस पांढरे झालेले असतात. ऐकायला छान, लक्षात ठेवायला सोपा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगातल्या वेगवेगळ्या भागांतल्या ४,००० हून जास्त निरोगी माणसांचे केस तपासून हा ठोकताळा पडताळला गेला. पन्नाशीला निम्मे केस पांढरे असलेल्यांचं प्रमाण पन्नास टक्के नव्हतं. वंशगट आणि केसांचा मूळ रंग यांनुसार ते ६ ते २३ टक्के निघालं. ठोकताळा पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरत राहिला, कारण तो गोंडस होता. तुमच्या विषयातही असे दोन-तीन गोंडस ठोकताळे असतील. शोधा.

बरं, पांढरेपणावरून आयुष्य किती उरलं हे तरी कळतं का? कोपनहेगनमध्ये हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसांचं पिकणं, टक्कल किंवा सुरकुत्या यांचा मृत्यूच्या प्रमाणाशी एकंदरीत संबंध दिसला नाही. उलट बाजूने, २०२० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की तीव्र ताणामुळे मूलपेशींचा साठा झपाट्याने संपून केस पांढरे होऊ शकतात. आणि २०२१ मध्ये माणसांचे एकेक केस लांबीच्या दिशेने तपासताना असे काही केस सापडले, जे पांढरे होऊन पुन्हा रंगीत झाले होते.

म्हणजे केस पिकण्यात वय आहेच, पण आनुवंशिकता आहे, ताण आहे, आणखीही बरंच काही आहे. पंचविशीत केस पिकलेला एखादा मित्र तुमच्या वर्गात असतोच, आणि सत्तरीत काळेभोर केस असलेली एखादी आत्याही नात्यात असते.

हजर, सर!

इथे ‘प्रॉक्सी’ हा शब्द आणायला हवा. तो तुम्हाला चांगलाच माहीत आहे. मित्र कॅन्टीनमध्ये असतो, त्याचा रोल नंबर पुकारला जातो, तुम्ही आवाज बदलून ‘हजर, सर’ म्हणता. सरांच्या वहीत मित्र वर्गात आहे. संशोधनातली प्रॉक्सी तत्त्वतः अशीच असते. जे थेट मोजता येत नाही, त्याच्या वतीने दुसरंच काहीतरी हजेरी लावतं. जुन्या काळातलं हवामान मोजता येत नाही म्हणून झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात. घराचं उत्पन्न कुणी खरं सांगत नाही म्हणून घरात फ्रिज आहे का, दुचाकी आहे का, हे विचारतात.

प्रॉक्सी वाईट नसते. तिच्याशिवाय अर्धं विज्ञान ठप्प होईल. प्रश्न इतकाच, की ‘हजर’ असा आवाज आला तेव्हा आपण मान वर करून बघतो का? रंगमंचावर पांढरे केस वयाच्या वतीने ‘हजर’ म्हणतात. चांगला नट आणि चांगला दिग्दर्शक तेवढ्यावर थांबत नाहीत. तीन उदाहरणं घेऊ.

नटसम्राट : न बदलणारं चल

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. गणपतराव बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते. बेलवलकर आयुष्यभर रंगभूमी गाजवून निवृत्त झालेले. म्हणजे नटाला स्वतःपेक्षा जवळजवळ एक पिढी पुढचं वय दाखवायचं होतं.

पण या नाटकात रंगभूषेची खरी अडचण वेगळी आहे. बेलवलकर पडदा उघडतो तेव्हाच म्हातारे आहेत. त्यानंतर नाटकात दशकं उलटत नाहीत. उलटतं ते घर. मुलांच्या नावावर सगळं करून देणारा बाप हळूहळू त्याच घरात अडगळ होतो आणि शेवटी रस्त्यावर येतो. सुरुवातीला केस पांढरे, शेवटीही पांढरे. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ज्या चलाची किंमत बदलतच नाही, ते चल कुठलाही बदल समजावू शकत नाही. या नाटकातला ऱ्हास केसांत दाखवताच येत नाही.

मग तो कुठे दाखवायचा? आवाजात, श्वासात, खुर्चीतून उठायला लागणाऱ्या वेळात, समोरच्याकडे बघण्याच्या पद्धतीत. या भूमिकेचं मोठेपण मला इथे दिसतं. ती नटाकडून केशभूषेची कुबडी काढून घेते. लागू पेशाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, पण आवाज कसा तयार होतो हे माहीत असणं वेगळं आणि मोडत चाललेल्या माणसाचा आवाज प्रयोगामागून प्रयोग उभा करणं वेगळं. दुसरं काम अभिनयाचं.

गंमत बघा. याच नाटकावरचा मराठी चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याच दिवशी बेलवलकर साकारणाऱ्या नाना पाटेकरांना ६५ वर्षं पूर्ण झाली. इथे वय खरंच होतं, प्रॉक्सीची फारशी गरज नव्हती. तरी भूमिका आपोआप उभी राहत नाही. खरं वय म्हणजे कच्ची माहिती, म्हणजे डेटा. त्यातून बेलवलकरांचं म्हातारपण सिद्ध करायचं तर युक्तिवाद लागतोच. अस्सल डेटा आहे म्हणून प्रबंध लिहून होत नाही, तसंच हे.

सारांश : आंधळी चाचणी आणि गुंता

महेश भट्ट यांचा ‘सारांश’ १९८४ सालचा. मुंबईतल्या शिवाजी पार्क परिसरात राहणारं मराठी जोडपं, निवृत्त शिक्षक बी. व्ही. प्रधान आणि त्यांची पत्नी पार्वती. एकुलता मुलगा न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हातून मारला गेला आहे. प्रधान झाले अनुपम खेर. चित्रपट आला तेव्हा ते २९ वर्षांचे होते.

या भूमिकेचं कौतुक जवळजवळ नेहमी एकाच वाक्याने सुरू होतं : ‘एवढ्या लहान वयात!’ मला या वाक्याची अडचण आहे. औषधाच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला हे कळू देत नाहीत, कारण कळलं की मत झुकतं. याला ब्लाइंडिंग म्हणतात. १९८४ मध्ये हिंदी सिनेमाच्या बहुतेक प्रेक्षकांनी खेर यांना आधी पडद्यावर पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्यासमोर एक म्हातारा मास्तर होता, बस. ती खरी आंधळी चाचणी, आणि भूमिका त्यात पास झाली. आज आपण वय आधी वाचून चित्रपट बघतो, सुरकुती कुठे उसनी दिसते ते शोधतो किंवा आधीच भारावून जातो. दोन्हीत आपण भूमिका मोजत नसतो. नट आणि पात्र यांच्यातलं अंतर मोजत असतो. अंतर मोठं म्हणून अभिनय मोठा, हे समीकरण तपासल्याशिवाय घेऊ नका.

मग काय बघायचं? एक म्हणजे, खेर यांचं टक्कल त्यांचं स्वतःचं होतं. ते चिकटवलेलं नव्हतं, त्यामुळे क्लोज-अपमध्ये उघडं पडण्याची भीती नव्हती. कॅमेरा जवळ आला की मोजमापाची सूक्ष्मता वाढते. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला चालून जाणारी पांढरी बट पडद्यावर चार फूट लांब दिसते. त्यामुळे सिनेमात जितकं कमी रंगवावं लागेल तितकं बरं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मुलाचा अस्थिकलश घ्यायला प्रधान कस्टमच्या कार्यालयात जातात, तो प्रसंग तुम्ही पाहिला असेल. नसेल तर आज बघा. त्या कार्यालयात परदेशातून आलेल्या वस्तू सोडवायला आलेली माणसं आहेत आणि त्यांच्यात हा बाप मुलाच्या अस्थी मागतोय. त्याचा आवाज थरथरतो. आता सांगा, ही थरथर वयाची की दुःखाची? की सरकारी टेबलासमोर झालेल्या अपमानाची? वेगळं काढता येत नाही. आपण याला कन्फाउंडिंग म्हणतो : दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आणि परिणाम एकच. संशोधनात हा गुंता म्हणजे डोकेदुखी. पण कलेत? मला वाटतं ‘सारांश’ची ताकद याच गुंत्यात आहे. म्हातारपण नुसतं पांढऱ्या केसांनी दाखवलं असतं, तर ते दुःखापासून सुटं राहिलं असतं. इथे मुलाच्या मृत्यूने माणूस आपल्यासमोर म्हातारा होतोय असं वाटतं, आणि रंगभूषा मागे राहते.

गांधी : एकच माणूस, अनेक मोजमापं

‘नटसम्राट’ आणि ‘सारांश’ आयुष्याचा एकच टप्पा दाखवतात. रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ (१९८२) मोठा पल्ला घेतो. सुरुवात ३० जानेवारी १९४८ च्या हत्येपासून, मग मागे १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेत आणि तिथून पुन्हा पुढे. पंचावन्न वर्षं, तेच चेहरे. हा झाला दीर्घकालीन अभ्यास, त्याच विषयाची पुन्हा पुन्हा घेतलेली नोंद. अशा ठिकाणी केसांचा रंग खरोखर कामाला येतो, कारण इथे ते चल बदलतं. प्रत्येक टप्प्याला किती पांढरं करायचं याचा हिशोब ठेवावा लागतो, नाहीतर माणूस एका प्रसंगात साठीचा आणि पुढच्यात पन्नाशीचा दिसायचा. टॉम स्मिथ यांच्या रंगभूषेला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

पण पुन्हा निकषाकडे येऊ. गांधीजींची छायाचित्रं जगाला पाठ आहेत. बेन किंग्जले त्यांच्यासारखे दिसले की आपण ‘वय छान दाखवलंय’ म्हणतो. प्रत्यक्षात आपण साम्य तपासलेलं असतं, वय नाही. छायाचित्राशी जुळणं आणि म्हातारपण पटणं या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि पहिली पास झाली की दुसरी आपण घेतच नाही.

म्हणून मला या चित्रपटात रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबा अभ्यासासाठी जास्त मोलाच्या वाटतात. कस्तुरबांचा चेहरा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर तितका पक्का नसतो, त्यामुळे साम्याचा टेकू कमी. हट्टंगडी तेव्हा तिशीच्या आसपासच्या आणि कस्तुरबा गेल्या त्या ७४ व्या वर्षी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत. एवढा प्रवास केस पांढरे करून पुरा होत नाही. नवऱ्याशी वाद घालणारी तरुण बायको आणि त्याच नवऱ्याशेजारी नुसती बसून राहणारी वृद्धा यांच्यात जो फरक आहे, तो नात्यात किती वर्षं मुरली यातून कळतो. दोनच वर्षांनी ‘सारांश’मध्ये त्याच पार्वती प्रधान झाल्या, हेही लक्षात ठेवा. खेर यांच्या वयाची चर्चा होताना त्यांच्या वयाची तितकी होत नाही. का होत नाही, यावर वेगळा लेख होईल.

केस पांढरे करून संशोधन

आता एक असं उदाहरण, जिथे हीच रंगभूषा थेट संशोधनासाठी वापरली गेली. पॅट्रिशिया मूर ही अमेरिकन औद्योगिक डिझायनर. न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी यांच्या फर्ममध्ये काम करताना तिने विचारलं, की फ्रिजचं दार संधिवात असलेल्या माणसाला उघडता येईल असं का करू नये? उत्तर साधारण असं मिळालं, की आपण ‘त्या लोकांसाठी’ डिझाइन करत नाही. मग १९७९ ते १९८२ या काळात, वयाच्या २६ व्या वर्षापासून, ती अधूनमधून म्हाताऱ्या बाईचं रूप घेऊन अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून जास्त शहरांत फिरली. टीव्हीवर काम करणारी एक रंगभूषाकार मदतीला होती.

पांढरा विग होताच, चेहऱ्यावर सुरकुत्याही होत्या. पण मूरने तिथे थांबणं नाकारलं. कानात मेण घालून ऐकणं कमी केलं, धूसर चष्म्याने दिसणं कमी केलं, सांधे बांधून चाल आखडली, बोटांना पट्ट्या गुंडाळल्या. फरक लक्षात आला का? विग बघणाऱ्यासाठी असतो. कानातलं मेण बघणाऱ्याला दिसत नाही. ते नेसणाऱ्यासाठी आहे. पावडर लावलेला नट फक्त दिसणं बदलतो. मूरने अनुभवणंही बदललं, आणि जिना, बसची पायरी, दाराची मूठ या गोष्टी तिला वेगळ्या ‘लागल्या’. शिवाय तिने एकच म्हातारी केली नाही. गरीब, मध्यम, श्रीमंत, ठणठणीत, आजारी अशी वेगवेगळी रूपं घेतली. म्हणजे वागणुकीत फरक पडला तर तो वयामुळे की गरिबीमुळे, याचा थोडा तरी अंदाज यावा. एकदा टोळक्याने तिला म्हातारी समजून बेदम मारहाण केली, आणि त्याच्या इजा रंगभूषा पुसल्यावर पुसल्या गेल्या नाहीत.

तरीही चिकित्सक म्हणून विचारायलाच हवं : यातून काय सिद्ध होतं? निरीक्षक एकच. आपण सोंग घेतलंय हे तिला स्वतःला माहीत होतं. संध्याकाळी विग काढून ती पुन्हा २६ वर्षांची होत होती. ऐंशी वर्षांच्या बाईला ही सोय नसते. जोडीदार गमावणं, पेन्शनवर जगणं, उद्याची भीती, यांतलं काहीच मेण-पट्ट्यांनी येत नाही. त्यामुळे ‘म्हातारपण कसं असतं’ याचा हा पुरावा नाही. ‘म्हाताऱ्या दिसणाऱ्या बाईला जग कसं वागवतं आणि वस्तू कशा अडवतात’ याचा मात्र भक्कम पुरावा आहे. दावा एवढाच ठेवला तर काम उत्तम. मूर पुढे सर्वांना वापरता येईल अशा डिझाइनच्या चळवळीतलं महत्त्वाचं नाव झाली, ते याच बळावर.

कलप लावून वय उतरत नाही

शेवटी, हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण खूण आणि गोष्ट यांची गल्लत फक्त रंगमंचावर होत असती, तर नुकसान एका हशापुरतं राहिलं असतं.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत हृदयाचे काही अनियमित ठोके दिसले तर मृत्यूचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. ठोके ही खूण. मग तर्क सरळ : औषधाने ठोके दाबा, मृत्यू कमी होतील. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके खरोखर दाबत होती. ‘कास्ट’ नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ती तपासली गेली, आणि १९८९ मध्ये त्या औषधांचा भाग थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. खूण पुसली गेली, धोका वाढला. कलप लावून कुणाचं वय उतरत नाही हे आपल्याला कळतं. ईसीजीच्या कागदावर तेच कळायला माणसं गमवावी लागली.

म्हणून आराखडा लिहायला बसाल, तेव्हा आपल्या मोजमापाला चार प्रश्न विचारा.

एक, मला खरं काय मोजायचंय आणि त्याच्या वतीने ‘हजर’ कोण म्हणतंय? दोन्ही नावं वेगवेगळी लिहा.

दोन, माझ्या अभ्यासात ही खूण बदलते तरी का, की बेलवलकरांच्या केसांसारखी पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत तीच आहे?

तीन, ही खूण आणखी कशामुळे उमटू शकते? थरथर वयाची की दुःखाची?

चार, खूण मुद्दाम बदलली तर मूळ गोष्ट बदलेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या खुणेवर उपाययोजना उभी करू नका.

आणि प्रॉक्सी एकटी सोडू नका. पांढऱ्या केसांसोबत चाल लागते, श्वास लागतो, नजर लागते, नात्यातली वर्षं लागतात. हे सगळे साक्षीदार स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगू लागले की प्रेक्षक केसांकडे बघायचं विसरतो. परीक्षकाचंही तसंच असतं. व्हायव्हात तो पहिला हात तुमच्या सगळ्यांत गोंडस आकड्याला लावतो, थेट मिठी मारणाऱ्या नातवासारखा. तेव्हा ढग उठू नये, एवढी तयारी आधीच करून ठेवा.